ह्यो त्यो साप न्हाई

मुळशीकडं धरणाविरुद्ध मावळातली माणसं शेतात आडवी पडत होती, त्या सालची ही गोष्ट. बेडसे गावात भातकापणी संपत आली होती. लेण्यांच्या डोंगराखाली महिपतीचं शेवटचं खाचर तेवढं उरलं होतं. कापलेल्या भाताच्या पेंढ्या उचलून तो बांधावर टाकत होता. एका पेंढीखाली त्यानं हात घातला आणि तसाच मागं सरकून खाली बसला.

त्याची बायको विठाबाई पलीकडं भारे बांधत होती. तिला वाटलं, काटा भरला असेल. जवळ गेली तर महिपतीच्या मनगटावर दोन ठिपके आणि त्यांतून रक्त ओघळतंय. तिनं विळ्याच्या टोकानं पेंढी उलटवली. खाली मनगटाएवढा जाड, आखूड साप होता. अंगावर तपकिरी गोल ठसे, साखळीच्या कड्यांसारखे एकामागं एक. लोहाराच्या भात्यातून वारा सुटावा तसा आवाज काढत तो बांधाच्या भेगेत शिरला. तो आवाज विठाबाईच्या कानात बसला तो कायमचा.

कोंडाजी भगत आला. त्यानं निंबाचा पाला फिरवला, मंत्र घातले, दंडाला दोरी करकचून आवळली. हात खांद्यापर्यंत सुजून काळानिळा पडला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. भगत म्हणाला, विष उतरतंय, तेच बाहेर पडतंय. दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आत महिपती गेला.

सुतक फिटायच्या आधीच थोरला दीर रखमाजी चारपाच गड्यांना घेऊन विठाबाईच्या दारात आला. काठीवर एक मेलेला साप लोंबत होता. लांबलचक, पिवळसर तपकिरी, मानेत बारीक, डोळे मोठे. डोकं ठेचलेलं.

"विठे, बघ," रखमाजी म्हणाला. "महिपतीचा वैरी मारला. त्याच खाचराच्या बांधावर गावला."

जमलेल्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. आता विठाबाईनं त्या सापावर थुंकावं, टाहो फोडावा, मग नारळ फोडून विषय मिटवावा, असं सगळ्यांच्या मनात होतं. विठाबाई उठली, काठीजवळ गेली आणि सापाला शेपटीपासून मानेपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो त्यो साप न्हाई," ती म्हणाली.

"साप त्यो साप. एकाला मारला, झालं."

"कसं झालं? ज्यानं मालकांना मारलं त्यो जाड हुता, आखूड हुता, अंगावर गोल हुते. मी बघितलाय. त्यो अजून बांधात हाय. उद्या आनी कुनी हात घालंल तितं."

रखमाजीनं बायकांकडं पाहून मान हलवली. दुःखानं डोकं फिरलंय, असा त्याचा अर्थ. साप जाळला, नारळ फुटला, खोबरं वाटलं. विठाबाईनं आपल्या वाट्याचं खोबरं हातात घेतलं नाही. नवरा गेल्याचं दुःख तर होतंच, पण भलत्याच जनावराचं डोकं ठेचून गावानं तिच्या नवऱ्याच्या मरणाचा निकाल लावून टाकला, हे तिच्या घशाखाली उतरेना.

मग ती डोंगराकडं चालू लागली.

लेण्यांच्या वरच्या अंगाला ठाकरांची पाचसहा खोपटी होती. तिथली बाया नावाची ठाकरीण कापणीला गावात यायची, एरवी करवंदं, शेंगा, पत्रावळीची पानं आणून विकायची. विठाबाईनं तिला मेलेल्या सापाचं वर्णन सांगितलं, मग दुसऱ्याचं.

"मारली ती धामन," बाया म्हणाली. "उंदरं खाती. तिला ईख न्हाई. तुमचा धनी गेला तो घोनशीनं."

"मला वळखायला शिकव."

बायानं विचारलं, "आन् काय करायचं वळखून?"

"त्ये माझं मी बघंन."

विठाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपासची असेल. मूल नव्हतं. भावाभावांच्या वाटण्या महिपती असतानाच झाल्या होत्या, त्यामुळं चार खाचरं, एक म्हैस, बैलजोडी, बैलगाडी आणि एक छपराचं घर तिच्याकडं राहिलं. मराठ्याघरची विधवा ठाकरणीच्या मागं रानात भटकते, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. विहिरीवर बायका ती आली की बोलणं थांबवायच्या. ती घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि त्यांच्याच मधून वाट काढून चालू लागायची.

शिकणं सोपं नव्हतं. श्रावणात हिरव्या गवतात बिनविषारी गवत्या साप निघाला, तेव्हा बायानं तो सहज उचलून मनगटावर घेतला आणि विठाबाई दहा हात लांब जाऊन बसली. बाया हसली नाही. गवत्या सोडून देऊन म्हणाली, "भ्या वाटू दे. पर डोळं उघडं ठेव." पुढच्या खेपेला विठाबाई जवळ बसली. त्याच्या पुढच्या खेपेला तिनं बोट लावून पाहिलं. साप गार आणि कोरडा लागला. आजवर तिला वाटत आलं होतं की तो चिकट असतो.

एकदा बायाच्या खोपटाच्या कुडावर पट्ट्यापट्ट्यांचा साप चढत होता. विठाबाई म्हणाली, मण्यार. बाया म्हणाली, "नीट बघ. पट्टे मानेपासनंच हायत, मागं जाऊन पुसट हुत्यात. ह्यो कवड्या. ह्यो पाली खातो. मण्यारीची मान मोकळी आन् मागं पट्टे दाट. काळी निळी, चकचकीत." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "मण्यारीला मी बी हात लावत न्हाई. चावली तर दुकत बी न्हाई. मानूस झोपल्याला उठत न्हाई."

चुकाही झाल्या. गोठ्यात वेटोळं घातलेला एक जाडजूड साप विठाबाईनं घोणस समजून दगडानं ठेचला. बायानं तो उलटासुलटा करून पाहिला. शेपूट बोथट, तोंडासारखंच. मांडूळ निघालं. विठाबाईला स्वतःचाच राग आला. गावानं केलं तेच आपण केलं, एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

सापांवर तिची माया होती, असं मात्र कोणी समजू नये. घोणस दिसली की ती विळा घेऊनच धावायची. नागपंचमीला बायका वारुळाला दूध घेऊन जायच्या तेव्हा ती घरी बसायची. साप दूध पीत नाही आणि मी त्याला भाऊ मानत नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं होतं. देवाधर्माच्या बायका दुखावल्या. तिनं मागं घेतलं नाही.

दोनेक वर्षांनी तिच्या पेंढ्याच्या उडवीत धामण येऊन राहिली. उन्हात अंग पसरून पडायची, मोठी, बांबूएवढी लांब. रखमाजीला कळलं. तो काठ्या घेऊन आला, सोबत त्याचा लेक हौशीराम आणि दोन गडी. विठाबाई उडवीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो, विठे."

"न्हाई."

"अगं, म्हशीच्या पायांला ईळखा घालून दूध पिती ती."

"पिऊ द्या. म्हस माझी हाय."

"शेपटीचा फटका मारला तर मानसाचं अंग सडतं."

"माझं सडंल. भाऊजी, उडवी माझी, अंगन माझं. तुमच्या अंगनात आली तर काय करायचं ते तुमी करा. हितं काठी उचलायची न्हाई."

थोरल्या दिरापुढं डोईवरचा पदर सावरत नजर खाली ठेवून बोलायचं, अशी रीत. तिनं पदर सावरला होता, पण नजर खाली नव्हती. हौशीराम नुकताच मिसरूड फुटलेला, तो बापाकडं पाहत राहिला. रखमाजीनं काठी आपटली आणि म्हणाला, "तुझ्या खळ्यावर गावचा मानूस येनार न्हाई."

आला नाही. त्या सालचं भात बाया, तिचा नवरा कान्हू आणि विठाबाई अशा तिघांनी मिळून झोडलं. हातांना फोड आले. खळ्याशेजारून जाणारी माणसं पलीकडच्या बांधावरून वळून जात. कणगी भरली तेव्हा विठाबाईनं पहिलं सूप बायाच्या ओटीत घातलं.

रखमाजीनं दुसरी वाट धरली. आंबीहून विठाबाईच्या भावाला, अंबाजीला, बोलावणं धाडलं. बहिणीचं डोकं ठिकाणावर नाही, घेऊन जा, शेताचं आम्ही बघू. अंबाजी भला माणूस. इंद्रायणीकाठच्या आपल्या गावाहून तळेगाव स्टेशन गाठून, कामशेतला उतरून पायी आला. विठाबाईनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं, तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "चल की गं घरी. हितं कोन हाय तुझं?"

"माझी चार खाचरं हायती."

"लोक काय म्हनत्यात..."

"लोकांनी भलतीच धामन मारली, दादा. त्यांच्या म्हनन्यावर मी घर सोडू?"

अंबाजीला यातलं काही समजलं नाही. पण बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे एवढं कळलं. तो रखमाजीकडं न जाताच परतला.

मग आषाढात लावणीच्या वेळी एक गोष्ट घडली. रखमाजीच्या खाचरात बायका ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या. हौशीरामाची नवी बायको रतन त्यांत होती. एकदम ती किंचाळली आणि चिखलात बसली. पोटरीला साप चावला होता आणि रक्ताची धार लागली होती. एका बाईनं हुशारी करून सापावर रोपांची पाटी पालथी घातली. कोंडाजी भगत जवळच्याच वाडीत होता, त्याला आणलं. तो आला तोच विळा तापवायला सांगत. पावसाची झिमझिम होती. आंब्याखाली गोवऱ्या पेटवून त्यांत विळ्याचं पातं घातलं.

शेजारच्या खाचरातून विठाबाई आली. रतनची जखम तिनं पाहिली. दोन ठिपके नव्हते. बारीक बारीक दातांची अर्धगोल ओळ होती. मग पाटीची कड उचलून आत डोकावलं. पाण्यात राहणारा साप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपिवळे चौकोन, डोळ्याखालून दोन काळ्या तिरक्या रेघा.

"दिवड हाय," ती म्हणाली. "बेडकं खाती. दात लय, रक्त लय, ईख न्हाई. डागू नका पोरीला."

"ही शिकवनार मला," कोंडाजी म्हणाला. "हिचा दादला गेला, आता सुनंला घालवाय बसलीय."

रतन रडत होती. दोघी बायकांनी तिचे खांदे धरले होते आणि पातं लाल होत आलं होतं. विठाबाईनं कोणाशी वाद घातला नाही. ती पाटीजवळ गुडघ्यांवर बसली, बाही वर केली आणि हात पाटीखाली सरकवला.

दिवडीनं चावा धरला तो सोडेचना. विठाबाईनं हात बाहेर काढला तेव्हा साप मनगटाच्या वर लोंबकळत होता आणि कोपरापर्यंत रक्त वाहत होतं. तिनं जबडा सावकाश सोडवला, साप पाण्यात टाकला. दिवड भाताच्या रोपांमधून सळसळत निघून गेली.

"आता मला बी डागा," ती कोंडाजीला म्हणाली. "न्हाईतर दोघींला सोडा."

कोणी पुढं झालं नाही. विठाबाई रतनला घेऊन बांधावर बसली. दोघींवर पानांचं एकच इरलं होतं. वरून ती दगडासारखी बसलेली दिसत होती. आतून मात्र तिला शंका खात होती. मांडुळाच्या वेळी चुकलो, तसं आज चुकलो असू तर? दिवडीसारखा दुसरा कुठला असला तर? ती हाताकडं पाहत राहिली. सूज येतेय का, जीभ जड होतेय का. रतन तिच्या दंडाला धरून बसली होती.

संध्याकाळी दोघी उठून आपापल्या पायांनी घरी गेल्या. कोंडाजीनं सांगितलं की त्यानं लांबूनच मंत्र घातले, म्हणून दोघी वाचल्या. पुष्कळांनी ते मानलं. रतननं मानलं नाही.

तीन पावसाळे गेले. पुन्हा कापणीचे दिवस. रखमाजीच्या खळ्यालगत पेंढ्याच्या राशीत हौशीरामाचा पाय पडला आणि विठाबाईला लगतच्या आपल्या अंगणात तो भात्याचा आवाज ऐकू आला. ती धावतच आली. रखमाजी कोंडाजीच्या नावानं हाका मारत होता. गडी काठ्या शोधत होते. विठाबाईनं पेंढा सारला. घोणस तिथंच होती, वेटोळं फुगवून, मान मागं ओढून. तिनं एका गड्याच्या हातातली काठी घेतली आणि तिला तिथंच मारलं. मग हौशीरामाच्या पायाकडं पाहिलं. दोन ठिपके. घोटा सुजायला लागला होता.

"पाय हलवू नको. उठू नको," ती त्याला म्हणाली, आणि रखमाजीकडं वळली. "भाऊजी, ही घोनस हाय. ह्याच्यावर कोंडाजीकडं काय न्हाई. मालकांच्या वक्ताला बघितलंय मी. लोनावळ्याला डाक्टर हाय. कामशेतला आगगाडी गाठायची."

"माझा ल्योक हाय. भगत येतोय. तू नाक खुपसू नको."

"मंग बसा वाट बघत. माझी गाडी मी जुपते."

ती आपल्या घराकडं गेली. बाईमाणसानं बैलगाडी हाकायची गोष्ट गावात कोणी पाहिली नव्हती. तिनं जू ठेवलं, बैल जुपले, गाडीत पेंढा पसरला आणि गाडी रखमाजीच्या खळ्यावर आणून उभी केली. रखमाजी गाडीसमोर आडवा उभा राहिला.

तेव्हा रतन पुढं आली. ती सासऱ्यापुढं कधी उभी राहिली नव्हती. ती म्हणाली, "मामंजी, बाजूला व्हा." मग गड्यांना म्हणाली, "धन्यांना उचला. गाडीत घाला."

गड्यांनी उचललं.

मेलेली घोणस विठाबाईनं फडक्यात बांधून गाडीत टाकली. कामशेतपर्यंत ती बैलांच्या शेपट्या पिरगाळत गेली. रतन नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रखमाजी काही वाट गाडीमागं चालत होता, मग धाप लागल्यावर मागच्या दांडीला धरून चढला. कामशेतच्या भाताच्या दुकानांपुढं बसलेली माणसं गाडी हाकणाऱ्या बाईकडं उठून बघायला लागली. स्टेशनवर मुंबईकडची पॅसेंजर मिळाली. गाडीत हौशीरामानं थुंकी टाकली, ती लाल होती. विठाबाईनं ती पाहिली आणि खिडकीकडं तोंड केलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, साप कोणता. त्यांच्याकडं विषावरचं औषध होतं, पण थोडं, आणि ते नागाला किंवा घोणशीलाच लागू पडायचं.

"काळा हुता, लांब," रखमाजी घाबरून म्हणाला. त्यानं साप नीट पाहिलाच नव्हता.

"घोनस," विठाबाई म्हणाली आणि फडकं सोडलं.

डॉक्टर एकवार पाहून आत गेले. त्यांनी हौशीरामाला सुई टोचली. रात्र कशीबशी गेली. पुढचे दिवस त्याच्या लघवीतून रक्त येत होतं, मग थांबलं. जीव राहिला. दोन बोटं झडली आणि पाय जन्मभर ओढत चालावं लागलं. घरी आल्यावर कधी पाय दुखला की तो चिडून म्हणायचा, काकीनं आणखी लवकर पोचवलं असतं तर बोटंसुद्धा राहिली असती. विठाबाई ऐकून घ्यायची. म्हणायची, बरोबर हाय, तुझा बाप आडवा नसता तर पोचलो असतो.

रखमाजीनं देवीला गोंधळ घातला. सगळ्या गावाला जेवण दिलं. पंगतीत तो मोठ्यानं म्हणाला, "एकवीरेची किरपा. तिनंच वाचवला."

"आसंल," विठाबाई पानावरून मान न उचलता म्हणाली. "गाडी मी जुपली हुती."

पंगतीत कोणीतरी हसू दाबलं, आणि वाढपी पुढं सरकला.

दिराभावजयीचं पुढंही जमलं नाही. पण त्या सालापासून तिच्या खळ्यावर माणसं यायला लागली. आधी रतन आली, तिच्यामागून दुसऱ्या बायका. कोंडाजीनं भगतपण सोडलं नाही, मात्र कोणी बोलवायला आलं की तो आधी विचारू लागला, साप बघितला का कुनी? विठाबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती म्हणाली, इतकी वरसं ह्येच विचारायचं हुतं. धामणी मात्र गावात मारल्या जात राहिल्या. कोणी मारलेली धामण तिच्या दारावरून नेली तर ती बाहेर येऊन नाव घेऊन शिव्या द्यायची, माणूस कोण आहे, पाटील की गडी, हे न बघता.

बाया आधी गेली, म्हातारी होऊन, आपल्या खोपटात. तिला माती द्यायला वाडीतल्या ठाकरांबरोबर गावातून एकटी विठाबाई गेली होती. त्यानंतर ती एकटीच डोंगरात हिंडायची, काठी टेकत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा, ती थकली. आपली खाचरं तिनं रतनला कसायला दिली, हौशीरामाला नव्हे, आणि हे चारचौघांत दोनदा बोलून दाखवलं. गावातली काही जुनी माणसं तोवर वाट बघत होती की सापांची बाजू घेणारी ही बाई एक दिवस सापानंच जाणार. ती हिवतापानं गेली, आपल्या अंथरुणात, रतनच्या हातचं पाणी पिऊन.